जुनी लॉरा व्हीआरएस दारात आल्यावर: इंजिनाचा पहिला महिना

सेकंड हँड स्कोडा लॉरा व्हीआरएस घेतलेल्या माणसाचा पहिला फोन बहुतेक वेळा रीमॅप करणाऱ्याला, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देणाऱ्याला जातो. माझाही तसाच गेला होता. समोरच्यानं किती बीएचपी हवेत ते विचारलंच नाही. म्हणाला, "टायमिंग चेन बघितलीत का?" मी म्हटलं, चेनला काय बघायचं, बेल्ट थोडाच आहे तुटायला. तो हसला आणि म्हणाला, आधी चेन बघून या, मग बोलू.

ते "मग" यायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितोय. गाडी २०११ मध्ये आपल्याकडे आली, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. १.८ टीएसआय, १६० पीएस, २५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. सुपर्ब १.८ टीएसआयमध्येही याच घराण्यातलं इंजिन आहे, त्यामुळे खालचं बरंचसं त्या गाडीलाही लागू पडेल. नंतरच्या ऑक्टाव्हियाचं १.८ मात्र पुढच्या पिढीचं. नाव तेच, आतला बराच मामला वेगळा.

एक पथ्य आधीच सांगतो. "सगळं करून दिलंय, फक्त पेट्रोल टाका आणि चालवा" या वाक्याची किंमत शून्य धरा. मागच्या मालकावर संशय घ्यायचा म्हणून हे सांगत नाही. तिसऱ्या मालकाला दुसऱ्यानं काय केलं हे खरंच माहीत नसतं. ज्या कामाचं बिल हातात आहे, बिलावर किलोमीटर आहेत आणि पार्ट नंबर आहे, तेवढंच झालं असं समजायचं.

पहिली सकाळ: बॉनेट उघडा, किल्ली नंतर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून सुरुवात करा. गाडी अजून घेतली नसेल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या, म्हणजे दुसऱ्या दिवशी.

सुरू करताना एक जण आत आणि तुम्ही उजव्या पुढच्या चाकाशी, कान इंजिनाकडे. या गाडीत टायमिंग चेन त्याच बाजूला आहे. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडतं, आणि त्या पहिल्या एक-दोन सेकंदांत डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला आणि मग एकदम थांबला, तर गाडी बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून मित्रांना ऐकवत बसू नका. मी दोनदा ऐकवला. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

त्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरचा स्कॅन. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन ही स्कॅनची साधनं असलेला माणूस शोधा, साध्या ब्लूटूथ डोंगलवर भागवू नका. कोड पुसायच्या आधी सगळ्यांचे फोटो काढा. पी ००१६ म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) यांचा मेळ बसत नाही, हा लाल कंदील. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरला मिसिंग. पी २०१५ इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, फ्लॅपचा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी पडतंय. एकही कोड नाही आणि मॉनिटर (गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या) सगळे अपूर्ण, असं दिसलं तर कोणीतरी आजच सकाळी पुसून ठेवलंय.

चेन आणि टेन्शनर

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकी काहीही बिघडलं तर खर्च होतो, हे बिघडलं तर इंजिन जातं.

टायमिंग चेन क्रँक आणि कॅम यांना एका तालात फिरवते. ती सैल पडू नये म्हणून तिला एक टेन्शनर सतत दाबून धरतो. त्याचा दट्ट्या ऑइलच्या प्रेशरवर चालतो. गाडी बंद झाली की प्रेशर उतरतं, आणि मग दट्ट्या मागे सरकू नये म्हणून आत एक खाचेदार अडकण असते. सुरुवातीच्या टेन्शनरमध्ये ही अडकण कमकुवत होती. ती सुटली की रात्रभर उभ्या गाडीत चेन लोंबते, सकाळी किल्ली फिरवली की ऑइल पोचायच्या आत एक-दोन दात सोडून बसते. या इंजिनात टायमिंग चुकलं की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि एस्टिमेट पाहून माणूस गाडी भंगारात किती जाईल याची चौकशी करू लागतो.

"दादा, चेनच्या गाडीला आयुष्यभर बघायला नको," असं मला दोन मिस्त्रींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. चेनसाठी ते थोडंफार खरं असेलही. टेन्शनरसाठी नाही.

तपासायचे दोन मार्ग, दोन्ही करा. पहिला, टायमिंगच्या खालच्या कव्हरला तपासणीसाठी एक भोक आहे, त्यावर रबरी बूच असतं. बूच काढून बारीक कॅमेरा आत घातला की टेन्शनर दिसतो. जुना आहे की सुधारित, हे पाहिलेला माणूस लगेच ओळखतो. दट्ट्याचे दात किती बाहेर आलेत तेही दिसतं; जितके जास्त बाहेर, तितकी चेन ताणलेली. दुसरा मार्ग व्हीसीडीएसचा. मेझरिंग ब्लॉक ९३ मध्ये कॅमचा कोन दिसतो. गरम इंजिनावर तो शून्याच्या आसपास असला तर ठीक. चार-पाच अंश सरकला असेल तर चेनचं वय झालं.

जुना टेन्शनर निघाला तर खडखडाटाची वाट पाहू नका. सुधारित पार्टचा नंबर ०६के १०९ ४६७ के. बदलायचाच आहे तर नुसता टेन्शनर बदलून परत फिरणं मला वेडेपणा वाटतो, कारण खरा खर्च उघडण्याचा आहे. टायमिंग चेन, गाइड, बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांची) चेन आणि तिचा टेन्शनर, क्रँकचं सील, सगळं एकदम घाला. खालचं कव्हर पत्र्याचं आहे, सीलंटनं चिकटवलेलं असतं, आणि काढताना हमखास वाकतं. तेच ठोकून सरळ करून लावलं की दोन महिन्यांत ऑइल गळायला लागतं. नवीनच आणा. क्रँकचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तोही नवा. वरच्या कॅम ब्रिजमध्ये एक छोटी जाळी असते, ती फाटून तुकडे आत गेलेत का हे मिस्त्रीला समोर उभं राहून बघायला लावा.

मिस्त्री कसा निवडायचा? एकच प्रश्न विचारा, "कॅम लॉक करायचं टूल आहे का तुमच्याकडे?" उत्तरात "मार्क मारून करतो ना आपण" असं आलं तर नमस्कार करून निघा.

काम होईपर्यंत, आणि खरं तर नंतरही, एक सवय लावून घ्या. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करू नका. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नेमकं हेच शिकवलेलं असतं. पण चढाकडे तोंड असलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना जरा मागे सरली की इंजिन उलटं फिरतं, आणि उलटं फिरताना सगळा ताण टेन्शनरच्या त्या अडकणीवर येतो. आधी हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. गिअर हवाच असेल तर चढाकडे तोंड असताना रिव्हर्स, उताराकडे तोंड असताना पहिला. म्हणजे गाडी सरली तरी इंजिन सुलटंच फिरेल. चाकामागे दगड लावायला लाज वाटून घेऊ नका.

ऑइल

पहिल्याच आठवड्यात बदला, आतलं ऑइल मधासारखं स्वच्छ दिसत असलं तरी. डब्यावर ५डब्ल्यू-४० एवढंच पाहून भागत नाही, व्हीडब्ल्यू ५०२ ०० ही फोक्सवॅगनची मान्यता छापलेली हवी. फिल्टर या इंजिनात वरच आहे, तोंड खाली करून बसवलेला, त्यामुळे घरी बदलणाऱ्याची चैन. पण उलटा असल्यामुळे त्यातली ऑइल परत जाऊ न देणारी झडप महत्त्वाची. स्वस्तातल्या फिल्टरची झडप गळते, रात्रीत ऑइल खाली उतरतं, आणि सकाळी तोच खडखडाट ऐकू येतो. पुण्याच्या नाना पेठेत सगळं मिळतं, असली आणि असलीसारखं दोन्ही. फिल्टर गाडीच्या चेसिस नंबरवरूनच मागवा.

फिल्टरसकट साधारण ४.६ लिटर ऑइल लागतं. डबा मिळतो ५ लिटरचा. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. उरलेलं ४०० मिली कुठे ठेवायचं म्हणून मीही अख्खा डबा ओतला होता. संध्याकाळी सिग्नलला मागून निळसर धूर. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या बरंच वर. शेवटी केमिस्टकडून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली, डिपस्टिकच्या भोकातून नळी घातली आणि पार्किंगमध्ये वाकून तासभर ऑइल ओढत बसलो. सोसायटीच्या वॉचमननं शांतपणे विचारलं, "साहेब, गाडी ॲडमिट आहे काय?"

तेव्हा ४ लिटर ओता, गाडी दोन मिनिटं चालवा, सपाट जागी पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं घाला. ड्रेन प्लग नवा घ्या, त्याचा वॉशर त्याच्याच अंगाला असतो, आणि ३० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचनं आवळा. "अजून पाव फेरा" म्हणणाऱ्या मिस्त्रीनं आटे घालवलेले मी पाहिलेत.

पुढे दर साडेसात हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलतो. सर्व्हिस बुकात १५ हजार लिहिलंय ते मी मानत नाही. चेन आणि टर्बो दोघंही त्याच ऑइलवर जगतात.

ऑइलचं झाकण उघडून बघा

इंजिन सुरू, आयडलला, आणि ऑइल भरायचं झाकण हळूच फिरवून उचला. थोडा आयडल हलला तर काही नाही. पण झाकण आतून कोणी ओढून धरल्यासारखं निघता निघत नसेल, किंवा इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण सैल करताच तो थांबत असेल, तर वरच्या पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाफ इनटेककडे परत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटलाय. हा पार्ट इंजिनाच्या डोक्यावरच बसतो, चार-सहा स्क्रू काढले की बाहेर येतो, अर्ध्या तासाचं काम. केलं नाही तर आतली ओढ वाढून गिअरबॉक्सच्या बाजूचं मागचं सील जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पाणी

कूलंटच्या बाटलीचं झाकण थंड इंजिनावर उघडून आत टॉर्च मारा. गुलाबी किंवा जांभळट आणि पारदर्शक दिसायला हवं. माझ्या बाटलीत चहाच्या गाळासारखं काहीतरी होतं. कुणीतरी हिरवं कूलंट, वर बिसलेरी, त्याच्यावर नळाचं पाणी असा काला केला होता. सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा धुऊन, जी१२ किंवा जी१३ दर्जाचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा.

वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं आहे आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलंय. पंप बॅलन्स शाफ्टवरून एका छोट्या दातेरी पट्ट्यानं फिरतो. प्लॅस्टिक म्हातारं झालं की केसासारखी चीर जाते. खाली थेंब पडत नाहीत, कारण गरम इंजिनावरच वाळून जातात. मागे राहतो तो गुलाबी मिठासारखा थर. आरसा आणि टॉर्च घेऊन तो थर शोधा. दर पंधरवड्याला बाटली बोटभर खाली जात असेल आणि कुठे गळत नाही असं सगळे म्हणत असतील, तर ते इथेच.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. या गाडीचा काटा ९० वर जाऊन चिकटतो आणि थोड्या चढउताराला हलतच नाही. खंबाटकी चढताना खरं तापमान बघायचं असेल तर ओबीडीवर बघा.

प्लग, कॉइल, आणि व्हॉल्व्हवरचा कोळसा

प्लग चारही एकदम बदला, किलोमीटर कितीही असोत. काढलेले प्लग फेकू नका, पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून ओळीनं ठेवा. एकच काळा आणि ओला निघाला तर तो सिलिंडर ऑइल खातोय. प्लग निघालेलेच आहेत तर कॉम्प्रेशन बघून घ्या. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले की झोप लागते. कॉइल सरळ वर ओढा, तिरपं केलंत तर रबर आतच तुटून राहतं. एक जास्तीची कॉइल डिकीत ठेवा. ताम्हिणीत मिसिंग सुरू झालं तर कॉइल बदलणं हे रस्त्याकडेला करण्यासारखं एकमेव काम आहे.

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पोचतच नाही, त्यामुळे तिथे ऑइलच्या वाफेचा कोळसा साचत जातो. पंपावर मिळणाऱ्या बाटल्या टाकीत ओतून हा निघणार नाही, त्या बाटलीतलं औषध त्या जागी जाणारच नाही. सकाळी थंड गाडीला थरथर, मिसिंग, आणि गरम झाल्यावर सगळं छान, अशी लक्षणं असतील आणि ऐंशी-नव्वद हजार झाले असतील तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशानं ब्लास्ट करून घ्या. वॉटर पंपही करायचा असेल तर दोन्ही एकाच वेळी. मॅनिफोल्ड दोन्हीसाठी काढावाच लागतो. फ्लॅप सैल झालेत का तेही त्याच दिवशी कळतं.

टर्बो आणि पेट्रोल

टर्बोला लगेच हात लावायची गरज सहसा पडत नाही. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचं जादा प्रेशर सोडणारा) तेवढा बघा. जुन्या प्रकारात रबरी पडदा असतो, तो फाटला की गाडी ओढत नाही आणि पी ०२९९ येतो. सुधारित प्रकार पिस्टनचा आहे. होजच्या क्लॅम्पपाशी ऑइलचा ओलसर डाग दिसला तर तिथून हवा सुटतेय.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं घाला. २०११ ची गाडी ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही, त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या वाकवून भेगा बघा, आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

हजार किलोमीटरची मोजणी

हे सगळं झालं की ऑइल बरोबर वरच्या खुणेवर आणा, किलोमीटर लिहून ठेवा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तितक्याच गरम इंजिनावर, खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मापानं मोजा. या पिढीच्या इंजिनाच्या रिंगा ऑइल खाण्यासाठी बदनाम आहेत. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो असं म्हटलंय. माझ्या मते पाव लिटरच्या आत असेल तर खुशाल चालवा, फक्त डिकीत एक लिटरचा डबा ठेवा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेला तर पीसीव्ही पुन्हा तपासा, आणि तो चांगला असेल तर रिंगांच्या कामासाठी पैसे बाजूला काढायला लागा.

माझ्या गाडीनं १८० मिली खाल्लं. तो आकडा वहीत लिहिला आणि रीमॅपवाल्याला परत फोन लावला. त्यानं या वेळी बीएचपी विचारले, आणि क्लच कितव्या किलोमीटरला बदललाय तेही. क्लचचं बिल माझ्याकडे नव्हतं.